समोरून पाहिलेली टकळी

लिफ्टच्या टपावर उभं राहून तपासनीस वरच्या दोरांना हात लावून पाहत होता, तेव्हा त्याच्या खिशात बायकोचा फोन वाजला. स्वतःचा फोन तो कामावर असताना बंद ठेवत असे. नियमच होता तसा, आणि तो त्याच्याच खात्याने काढलेला असल्यामुळे पाळणारा बहुधा तो एकटाच होता. बायकोच्या फोनबद्दल मात्र नियमांत काही म्हटलेलं नव्हतं. तो फोन रोज सकाळी चार्ज करून तो शर्टाच्या वरच्या खिशात टाकत असे. का, ते कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पण कुणी विचारलंही नव्हतं. ती गेल्यापासून त्या फोनवर कर्ज हवंय का असं विचारणाऱ्या मुली बोलल्या होत्या आणि एकदा चुकून लागलेला कुणी म्हातारा, एवढंच. या वेळी आवाज जरा ओळखीचा आणि धावत आल्यासारखा होता. "ताई का? नाही? मग ताईंचे मिस्टर का? अहो, मी मंडळातून बोलतेय. द्या ना जरा ताईंना. बक्षीस लागलंय त्यांना! त्यांचीच चिठ्ठी निघाली!" वर मोटारीचं चाक थंड होत टिकटिकत होतं. तपासनिसाच्या एका हाताला दोराचं काळं वंगण लागलेलं होतं आणि दुसऱ्या हातात फोन होता. तो म्हणाला, "ती जरा बाहेर गेलीय."

बरोबरच्या मेकॅनिकच्या हातात टॉर्च होता. टॉर्चचा झोत दोरांवरून सरकून भिंतीवर गेला आणि तिथल्या विटा फार निरखून पाहू लागला. मेकॅनिक तिला स्मशानात पोचवायला आला होता. पावसात भिजलेल्या चपला हातात धरून शेवटपर्यंत थांबला होता. "मग आल्या की सांगा हं त्यांना," फोनमधला आवाज म्हणाला. "लोकर पाठवून देतेय पत्त्यावर. आणि गोळ्याचं लक्षात आहे ना त्यांच्या? लक्षात असणारच म्हणा." फोन बंद झाला. मग मेकॅनिक खाकरला आणि म्हणाला, "साहेब, वर घेऊ की खाली?"

"राहू दे आहे तिथंच," तपासनीस म्हणाला आणि पुन्हा दोरांना हात लावून पाहू लागला. त्या दिवशी त्याने ते दोर दोनदा तपासले. दोर चांगले होते.

खरं तर यात त्याची चूक अशी काही नव्हती. मुलीने सगळ्यांना कळवलं होतं, म्हणजे तिला माहीत असलेल्या सगळ्यांना. लोकरीचं मंडळ तिला माहीत नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेच्या रिकाम्या वर्गात काही बायका आणि एक निवृत्त दंतवैद्य सुया, टकळ्या घेऊन जमत आणि बायको त्यांत जाई, हे तपासनिसाला माहीत होतं. पण कळवण्याचं काम त्याच्याकडे नव्हतं. ते मुलीने घेतलं होतं. त्याने त्या दिवसांत एकही फोन केला नव्हता. जो कोणी दारात आला त्याला सगळं आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ते वाक्य त्याला एकदाही उच्चारावं लागलं नव्हतं. आपल्या तोंडून ते अजून निघालेलंच नाही, हे त्याच्या लिफ्टच्या टपावर लक्षात आलं. शब्द साधेच होते. जीभ त्यांच्यापर्यंत जाऊन, दार बंद दिसावं तशी परत आली होती.

तिला स्पर्धांचा आणि फुकटच्या बक्षिसांचा नाद होता. तपासनीस त्याला नाद म्हणायचा, ती त्याला काहीच म्हणायची नाही, भाग घ्यायची. लोकरीची दुकानं फोनवर चित्रं टाकत: सात रंगांच्या लडी, लाकडी सुयांचा संच, मेंढीच्या आकाराची मोजपट्टी. खाली लिहा, तुम्हाला हे मिळालं तर तुम्ही काय कराल आणि तीन मैत्रिणींची नावं जोडा. रविवारी एक भाग्यवान विजेती निवडू. मंडळातल्या बायकांची नावं जोडण्यात अर्थ नव्हता, त्या सगळ्या त्याच चित्राखाली एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या. म्हणून तिने पहिलं नाव मुलीचं जोडलं. दुसरं जोडता यावं म्हणून नवऱ्याला खातं उघडून दिलं आणि त्यावर फोटो म्हणून त्याने हौसेने काढलेलं एका जुन्या लिफ्टचं चित्र लावलं. तिसरा मेकॅनिक. "साहेब, वहिनींनी मला पुन्हा लोकरीत घेतलंय," असं तो आठवड्यातून एकदा तरी सांगे. दोघं पुरुष तळघरात गुडघाभर पाण्यात उभे असत आणि दोघांच्याही खिशात एकाच वेळी फोन थरथरे: कुठल्याशा दुकानात हाताने रंगवलेल्या गुलाबी लोकरीचं नशीब त्यांच्या नावावर उजळत असे. इतक्या वर्षांत तिला मिळालं काय, तर एक मोजपट्टी. ती ओढली की मेंढीच्या पार्श्वभागातून बाहेर यायची. "हे बक्षीस आहे की अपमान?" तपासनिसाने विचारलं होतं. ती म्हणाली, "अहो, निघतेय ना बरोबर? मग कुठून निघतेय ते कशाला बघायचं."

ज्या बाईंचा फोन आला, त्या मंडळाच्या मुख्य. बायको त्यांना सुयांच्या बाई म्हणे, कारण त्यांच्या अंबाड्यात नेहमी दोन सुया आडव्या खोचलेल्या असत, आणि अंबाडा मोकळा झाला की समजावं बाई विणायला बसल्या. तपासनिसाने त्यांना एकदाच पाहिलं होतं. मंडळाची दरवर्षी एक स्पर्धा असे, उलट्या बाजूची. स्वेटर सगळेच सुलटीकडून बघतात. मंडळात तो आतून बघत. दोऱ्यांची टोकं कशी लपवली आहेत, रंग बदलताना मागे किती लोंबकळलं आहे, कुठे गाठ मारून वेळ मारून नेली आहे, यावर गुण. तिने त्याच्यासाठी विणलेला करडा स्वेटर स्पर्धेला दिला आणि स्वेटर अंगावर नीट बसतो म्हणून त्यालाही नेलं. स्वेटर उलटा घालून तपासनीस शाळेच्या वर्गात फळ्याजवळ उभा राहिला आणि चष्मे लावलेल्या तीन बायका त्याच्याभोवती फिरल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंना फिरून फिरून बघणाऱ्या माणसाला तो अनुभव नवीन होता. सुयांच्या बाईंनी त्याचा उजवा हात उचलला, बाहीच्या आतून बोट फिरवलं, थांबल्या आणि काहीशा दुःखाने म्हणाल्या, "गाठ आहे." दुसरा नंबर आला. घरी येताना तो तिची समजूत घालायला लागला, तर ती म्हणाली, "मीच ठेवली होती ती. नुसतं ओवून भागलं असतं. पण उगाच वाटलं, तुम्ही तो हात सारखा वर करता दोर बघायला, सुटलंबिटलं तर." आणि मग बसच्या खिडकीतून बाहेर बघत, "दुसरा म्हणजे काही वाईट नाही."

लोकर चार दिवसांनी आली. कागदी पिशवी, आत पिंजलेल्या लोकरीचा एक सैल, हलका ढीग. तपकिरी, मधूनच पांढरा केस. पिशवी उघडताच खोलीत ओल्या जनावराचा, गवताचा, किंचित तुपकट असा वास पसरला आणि तपासनीस खुर्चीत बसला, कारण हा वास घरातून गेलाय हे आत्तापर्यंत त्याला कळलंच नव्हतं. हीच लोकर होती. हीच मेंढी. आजारी पडण्याच्या जरा आधी तिने एका दुकानातून या लोकरीची पिशवी आणली होती आणि कातायला घेतली होती. एकपदरी सूत दोन टकळ्यांवर काढायचं आणि मग दोन्ही पदर एकत्र वळून पक्की लड करायची, असा तिचा बेत होता. पहिली टकळी भरली आणि लोकर संपली. अंदाज चुकला होता. दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, त्या मेंढीची आता मिळायची नाही, ती मेंढी गेली. मेंढी गेल्याचं दुकानदाराने लगेच कळवलं होतं. मग कळलं की मंडळाने वर्षाच्या सोडतीसाठी एक पिशवी त्याच मेंढीची बाजूला ठेवली आहे. रिक्षात उशी पाठीला लावून ती गेली आणि डब्यात चिठ्ठी टाकून आली. भरलेली टकळी तिने काचेच्या ग्लासात उभी करून खिडकीत ठेवली. "हिला जोडीदार मिळेपर्यंत उभी राहील," म्हणाली. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. चिठ्ठीला कुणी काही कळवलं नाही. चिठ्ठी डब्यात तशीच थांबून राहिली, आपली पाळी येईपर्यंत.

मुलीचा फोन रविवारी येत असे. ती दुसऱ्या देशात होती आणि तिथल्या खिडकीत नेहमी वेगळीच वेळ असायची. "म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत, बाबा?"

"विषय निघाला नाही."

"विषय निघाला नाही म्हणजे काय? त्यांनी आईला फोनवर बोलावलं ना?"

"बक्षीस लागल्याचा फोन होता गं. त्यात हे कुठं घालणार? बाई एवढ्या आनंदात होत्या."

"मी करू का फोन? मी सांगते त्यांना. आणि ती लोकर परत करा. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"दुसऱ्या कुणाच्या कशी पडेल? जुळणारी टकळी इथं आहे." हे बोलताना त्याने खिडकीकडे पाहिलं, आणि आपण काय ठरवलं आहे हे त्यालाही तेव्हाच कळलं. मंडळात एक पद्धत होती. ज्याला सोडतीची लोकर मिळेल त्याने पुढच्या मेळाव्याला तिची पक्की लड करून आणायची. त्यातलं हातभर सूत कापून मंडळाच्या गोळ्याला बांधायचं. मग गोळ्याला हात लावून त्यानेच पुढची चिठ्ठी काढायची. तो गोळा बायकोने त्याला वर्णन करून सांगितला होता: टोपलीत मावत नाही असा मोठा, शंभर रंगांचा, आणि आत आत गेलं की आता नसलेल्या बायकांची सुतं. कुणाचं जाड, कुणाचं केसासारखं, एकीचं सगळं गाठाळ. "प्रत्येकीचा हात कळतो त्यात," ती म्हणाली होती. "माझा नाहीये अजून." तिला बक्षीस हवं होतं ते यासाठी. हातभर सूत.

"मी कातणार आहे," तो मुलीला म्हणाला.

"तुम्ही?"

"दुसरी टकळी. मग दोन्ही वळायच्या. त्यात काय आहे?"

"बाबा, तुम्हाला बटण लावता येत नाही. निदान व्हिडिओ तरी बघा. पाठवू का?"

"व्हिडिओ कशाला? मी प्रत्यक्ष पाहिलंय. रोज संध्याकाळी समोर बसून पाहिलंय. या बाबतीत मी साक्षीदार आहे." मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला म्हणून दोघांनीही फोन लवकर ठेवला.

समोर बसून पाहिलं होतं हे खरंच होतं. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एकमेकींकडे तोंड करून. खिडकीची तिची, दाराजवळची त्याची. तो वर्तमानपत्र वाचे किंवा टीव्हीकडे बघे, आणि कागदाच्या वरच्या कडेवरून त्याला ती दिसे: डावा हात उंच, त्यातून लोकर झिरपत आलेली, उजवा तळहात मांडीवर. टकळीची दांडी ती मांडीवर ठेवायची आणि तळहाताने एक लांब, सरळ फटका देऊन लोटायची. टकळी भिरभिरत खाली लोंबकळायची आणि सूत वळत जायचं. तो फटका त्याच्या डोळ्यांत पक्का बसला होता. तळहात मांडीवरून दूर जायचा. दर वेळी, एकाच बाजूला, दूर. डोळे मिटले तरी तो दिसत असे. तपासनिसाने तिच्या डब्यातली एक रिकामी टकळी घेतली, आपल्या खुर्चीत बसला, दांडी मांडीवर ठेवली आणि तळहात आपल्यापासून दूर, गुडघ्याकडे लोटला.

पहिल्या दिवशी सूत झालं नाही, सुरवंट झाले. टकळी पडे, लोकर तुटे, खालचे भाडेकरू एकदा येऊन विचारून गेले की वर सुतारकाम चाललंय का. दोर तपासून त्याचे तळवे खरखरीत झाले होते आणि लोकर त्यांना धरून बसे. तो हात धुऊन, तेल लावून बसू लागला. मग हळूहळू, कधी ते कळलं नाही, लोकर हातातून आपण होऊन सरकायला लागली. बोटांच्या चिमटीत पीळ चढताना जाणवू लागला; मुंग्या याव्यात तसा तो बोटांतून वर जाई. लिफ्टच्या टपावर त्याने हे मेकॅनिकला सांगितलं. मेकॅनिक जरा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "साहेब, मला ते लोकरीचे मेसेज अजून येतात बरं का. वहिनींनी जोडलं होतं ना नाव, त्या जुन्या चित्रांखाली अजून कोण कोण लिहीत असतं, की माझा फोन वाजतो."

"बंद करता येतं ते."

"येत असेल. मी विचारलं नाही कुणाला."

काम नियमाप्रमाणे झालं पाहिजे म्हणून तपासनीस रोज संध्याकाळी आपलं सूत खिडकीतल्या टकळीशेजारी धरून भिंगातून बघे. जाडी जुळते का. रंग जुळतो का. तार कुठे तुटलेली नाही ना. भिंग तेच, खात्याने दिलेलं, दोराची तुटलेली तार शोधायचं. जाडी जवळजवळ जुळत होती. त्याचं जरा जाड, अडखळत गेलेलं, तिचं सारखं. जे जे तपासायचं असतं ते सगळं त्याने तपासलं. तिच्या टकळीला मात्र हात लावला नाही. संध्याकाळचं ऊन ग्लासातून तिच्यावर पडे आणि सुताच्या कडेने बारीक लव पेटल्यासारखी दिसे. त्या वेळी तो कातत असे, आणि समोरच्या खुर्चीकडे बघत नसे. कारण समोर बघितलं नाही तर समोर कुणी आहे असं धरून चालता येत होतं. टीव्ही चालू ठेवायचा. मधूनच तो काहीतरी बोले, आज अमुक इमारतीत असं झालं. उत्तर यायचं नाही. पण पूर्वीही दर वेळी यायचंच असं नाही. सूत मोजत असली की ती नुसती मान हलवी.

मेळावा सुट्टीच्या दिवशी दुपारी होता. सुयांच्या बाईंनी मध्ये दोनदा फोन केला होता. एकदा ती झोपली होती आणि एकदा अंघोळीला गेली होती. तपासनिसाला आपल्या खोटं बोलण्याचं आश्चर्य वाटत होतं. नोकरीत त्याने एकही खोटा शेरा लिहिला नव्हता, आणि इथे तो बायकोला बिनदिक्कत अंघोळीला पाठवत होता. मेळाव्याला जाऊन काय सांगायचं ते त्याने ठरवलं होतं: तिला बरं नाही, लड घेऊन मला पाठवलंय. सूत बांधायचं, चिठ्ठी काढायची, यायचं. एकदा तिचं सूत गोळ्यात गेलं की मग कधीतरी, सावकाश, विषय निघेल तसा.

त्या सकाळी त्याने टेबल पुसलं. बुटांचा जुना खोका काढला. त्याच्याच बुटांचा, तिने दोन्ही बाजूंना भोकं पाडलेला. त्यात दोन टकळ्या आडव्या बसवल्या. तिची ग्लासातून काढताना त्याने सुताला बोट लागू दिलं नाही. एक टोक तिचं, एक त्याचं, दोन्ही मिळून तिसऱ्या रिकाम्या टकळीला बांधली. सूत वळताना हात उलटा चालतो हेही त्याने पाहिलेलं होतं. कातताना दूर जाणारा हात वळताना जवळ येतो. त्याने दांडी मांडीवर ठेवली आणि तळहात आपल्याकडे ओढला. टकळी फिरली. दोन तपकिरी पदर एकमेकांना टेकले, एकत्र झाले, आणि वीतभर लांबीचं, गोल, दोनपदरी सूत त्याच्या डोळ्यांसमोर तयार झालं. तो मोठ्याने म्हणाला, "अगं, बघ." त्याने पुन्हा हात ओढला.

तिचं सूत कडक होऊ लागलं. आधी त्याला वाटलं, ताण कमी पडतोय. त्याने ताण दिला. तिचं सूत तारेसारखं ताठ झालं, मग ताण जरा सैल पडताच त्यातून छोटे छोटे फासे उभे राहिले, डुकराच्या शेपटासारखे, एकामागून एक. आणि त्याचं? त्याचं पसरत चाललं होतं. पीळ निघून चपटं, मऊ, पुन्हा लोकर होऊ लागलं होतं. तिच्या ताठ सुताभोवती नुसतं लोंबत होतं. जितका तो वळत होता, तितकं तिचं आवळत होतं आणि त्याचं सुटत होतं. त्याने आणखी एक फटका दिला, घाईने, जोरात. त्याचा पदर आवाज न करता मधूनच निसटला आणि टकळी एकट्या तिच्या सुतावर लोंबकळत, हिसके खात गोल फिरत राहिली. तपासनिसाने ती दोन्ही हातांनी धरली. कुणी गळफास घेताना पाहिल्यावर धरावं तशी. मग बराच वेळ तो ती तशीच धरून बसला.

मग त्याने भिंग घेतलं. तिच्या सुतावरची बारीक रेघ एका बाजूला तिरपी जात होती. त्याच्या सुतावरची दुसऱ्या बाजूला. याला भिंगाची गरज नव्हती. ज्या गोष्टीसाठी त्याने एकदा एका आख्ख्या इमारतीला जिने चढायला लावलं होतं, तीच ही गोष्ट होती. एका ठेकेदाराने लिफ्टच्या चार दोरांतला एक बदलताना उलट्या पिळाचा दोर घातला होता. सरळ पिळाचे तीन, उलट्या पिळाचा एक. एक आवळतो तर दुसरा उकलतो. तपासनिसाने लिफ्टला सील ठोकलं, रहिवासी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर गेले, आणि संध्याकाळी तो हे सगळं तिला सांगत होता, पेपर बाजूला ठेवून, उत्साहाने, दोन बोटं उलटसुलट फिरवत. ती समोर कातत होती. तिने टकळी थांबवली होती. हे आता त्याला लख्ख दिसलं, तिने टकळी हातात धरून थांबवली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामातली एक गोष्ट तिच्या कामात निघाली होती. "अहो, आमच्यातसुद्धा..." ती म्हणाली होती, आणि त्याचा फोन वाजला होता. ठेकेदाराचा. तो गॅलरीत जाऊन त्याच्याशी बराच वेळ भांडला, परत आला तेव्हा पानं वाढलेली होती. पुढचं वाक्य त्याने विचारलं नाही. तिनेही पुन्हा काढलं नाही. इतकी वर्षं अर्धंच राहिलेलं ते वाक्य आता टेबलावर पडलं होतं, दोन पदरांत, स्पष्ट.

आणि मग त्याने सावकाश, भीतभीत समोर बघितलं. खिडकीजवळच्या खुर्चीकडे. उठला, जाऊन तिच्यात बसला. हे त्याने कधी केलं नव्हतं. बसायची गादी तिच्या अंगाने दबलेली होती. इथून दार दिसत होतं, टीव्ही पाठमोरा होता, आणि त्याची खुर्ची दिसत होती. त्याने मांडीवर तळहात ठेवला. तिथून, त्या खुर्चीतून बघितलं तर त्याच्यापासून दूर जाणारा तो हात कुठे जात होता, ते कळायला वेळ लागला नाही. गुडघ्यापासून कमरेकडे. ती हात स्वतःजवळ ओढत होती. एवढ्या संध्याकाळी त्याने जो दूर जाताना पाहिला तो हात तिच्याकडून बघितला तर जवळ येत होता.

फोन वाजला. शर्ट खुंटीला होता. तो उठून जाईपर्यंत बराच वेळ वाजत राहिला.

"निघालात ना?" सुयांच्या बाई. मागे बायकांचा कलकलाट, बाकं सरकवल्याचे आवाज. "ताईंना पहिल्या रांगेत बसवणार आहोत. जिना चढता येईल ना त्यांना? नाहीतर दंतवैद्य येतील खाली हात द्यायला."

"एक विचारायचं होतं," तपासनीस म्हणाला. "तुमच्यात... एक पदर सरळ पिळाचा आणि एक उलट्या पिळाचा असला तर वळताना काय होतं?"

"अगं बाई! असं केलंय कुणी? दोन्ही वाया. एक आवळेल आणि एक उकलेल. अहो, एवढं तर ताईंनी सांगितलं असेल तुम्हाला."

"सांगत होती. मध्येच फोन आला."

"मग आता विचारा की त्यांनाच. शेजारीच असतील ना?"

तपासनिसाने खिडकीकडे पाहिलं. ग्लास रिकामा होता. ऊन त्यातून सरळ जमिनीवर पडलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "ती वारली. पावसाळ्यात."

पलीकडे कलकलाट चालूच होता. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी खडू कुठे म्हणून विचारत होतं. बाईंनी फोनवर हात ठेवला असावा, सगळं एकदम पाण्याखाली गेल्यासारखं झालं. पुन्हा आवाज आला तो अगदी जवळून. "मग ते दुसरं सूत..."

"मी कातलं. समोर बसून पाहिलं होतं. उलटं झालं."

बाई म्हणाल्या, "ऐका. तिचं तुटलंय का?"

"नाही. माझं तुटलं."

"मग आता घाई करू नका. वळलंय ते उलटं फिरवून सोडवा. अलगद. तिचं मोकळं झालं की ताण देऊन तिच्या टकळीवर परत घ्या. आणि तेच घेऊन या, एकेरी."

"एकेरी टिकत नाही," तपासनीस म्हणाला. आवाज त्याचा नोकरीतला होता. दुसरा सापडत नव्हता. "एका पदरावर काही ठेवता येत नाही."

"अहो, त्याला काय लिफ्ट टांगायचीये का आपल्याला?" बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "गाठ मारून बांधू आपण. मी मारीन गाठ. या तुम्ही."

फोन त्याने टेबलावर ठेवला. मग तो बसला, आपल्या खुर्चीत नाही, तिच्या. टकळी मांडीवर घेतली. उलटं फिरवायचं म्हणजे हात कुठे न्यायचा हे त्याला एकदम सुचेना. थोडा वेळ तळहात दांडीवर तसाच राहिला. मग त्याने तो हळूच लोटला, कमरेपासून गुडघ्याकडे, आपल्यापासून दूर. एक फासा उकलला. पुन्हा दूर. त्याच्या सुताचे तुकडे विंचरल्यासारखे गळून मांडीवर, फरशीवर पडत होते, आणि त्यांच्यातून तिचं सूत बाहेर येत होतं, बारीक, सारखं, तिरप्या रेघेचं, जसं तिने ठेवलं होतं तसं. दर फटक्याला तो हात दूर नेत होता. त्याशिवाय ते सुटत नव्हतं.